शंभर वॅटचा ‘ओपन’ सेट घेऊ का?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या, नंदगडकडच्या एका तरुणाचा आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, परीक्षा देऊन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना मिळवलाय. त्याने लिहिलंय ते थोडक्यात असं: “काका, तीस हजार साठवलेत. एक जण जुना जपानी शंभर वॅटचा एचएफ सेट देतोय, तो ‘ओपन’ केलेला आहे, कुठेही बोलता येतं म्हणतो. दुसरा एक टॅक्सीतून निघालेला व्हीएचएफ सेट देतोय. शिवाय स्वस्तातली चिनी हँडी आहेच. कोणता घेऊ आणि त्यात काय काय बदल करून घेऊ?” (एचएफ म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, लांब जाणाऱ्या लहरी. व्हीएचएफ त्यांच्या वरच्या, साधारण क्षितिजापर्यंतच्या. हँडी म्हणजे हातात धरायचा छोटा सेट.)

आधी अभिनंदन. आपल्या भागात हॅम म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात एक वाढला याचा मला मनापासून आनंद झालाय. आता उत्तर. एचएफ सेट घे, पण ‘ओपन’ आहे म्हणून नको. आणि तीस हजारातले निम्मे सेटला हात लावायच्या आधी बाजूला काढून ठेव. ते पैसे अँटेना, केबल, वीजपुरवठा आणि मोजायच्या साधनांचे. पंचवीस वर्षांत मी जे सेट बिघडवले आणि जे सुधारले, त्यावरून एकच नियम हाती लागलाय: जे मोजता येतं आणि जे पुन्हा पूर्ववत करता येतं, तेवढ्यालाच हात लावायचा. बाकी सगळं या एका नियमातूनच निघतं.

सुरुवात तारेपासून, म्हणजे अँटेनापासून करू, कारण तुझ्या गावात खरा फरक तारच पाडणार आहे.

तुला बोलायचंय कुणाशी? पुणे, कोल्हापूर, सांगली, गोवा, हुबळी, बेंगळुरू. म्हणजे शंभर ते पाचशे किलोमीटर. यासाठी ४० मीटर बँडसारखा दुसरा बँड, म्हणजे हॅमसाठी राखलेला लहरींचा पट्टा नाही. आपल्याकडे तो ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे. दिवसा ही लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून छत्रीसारखी खाली पसरते. मध्ये चोर्ल्याचा घाट आला काय नि तिलारीचं जंगल आलं काय, तिला फरक पडत नाही. आणि त्यासाठी अँटेना फार उंच असावी लागत नाही. उलट सात-आठ मीटरवर ती सगळ्यात चांगली चालते. नंदगडकडच्या कौलारू घराशेजारी एक फणसाचं नाहीतर नारळाचं झाड असतंच, ते पुरतं. रात्री उशिरा मात्र जवळची स्टेशनं बुडतात आणि लांबची वर येतात. तेव्हा सेट बिघडला असं समजू नकोस.

अँटेना बांधायची ती डायपोल, म्हणजे मधोमध केबलला जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार. तिच्या लांबीचं गणित असं: १४३ ला मेगाहर्ट्झने भाग, म्हणजे एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१ मीटर, एका बाजूला १० मीटर आणि थोडं. पण हे उघड्या तांब्याच्या तारेचं गणित झालं. तू घरच्या वायरिंगची पीव्हीसी तार वापरणार. तिच्यावरच्या आवरणामुळे लांबी दोन-तीन टक्के कमी लागते. मधला टेकू उंच आणि टोकं खाली अशी उलट्या व्ही आकारात बांधलीस तर आणखी थोडी कमी. म्हणून दोन्ही बाजू साडेदहा मीटर घे, इन्सुलेटरमधून ओव आणि उरलेलं टोक मागे दुमडून स्वतःभोवती गुंडाळ. कापू नकोस. प्रत्येक बाजूला १० सेंटीमीटर दुमडलं की अनुनाद, म्हणजे तार ज्या फ्रिक्वेन्सीला जुळते ती, साधारण ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. दोन फेऱ्यांत ७.१ वर येशील. मधला आणि टोकांचे इन्सुलेटर तू नायलॉनच्या सळीतून लेथवर स्वतः काढ. आम्ही इतकी वर्षं पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरले, ते उन्हात तडकतात. तुझ्या हातात ती मशीन आहे, ही फार मोठी गोष्ट आहे.

डायपोलच्या मधोमध केबलची दहा-बारा सेंटीमीटर व्यासाची पंधरा वेढ्यांची गुंडाळी करून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांध. नाहीतर केबलचं बाहेरचं जाळं स्वतःच अँटेना होऊन बसतं, आणि घरातली टीव्हीची, इन्व्हर्टरची सगळी खरखर थेट तुझ्या कानात येते.

केबल कोणती? इथे लोक सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी घालवतात. ४० मीटरवर वीस मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टाकलीस तर नुकसान एक डेसिबलच्या आत, म्हणजे कानाला कळणारही नाही. पण तीच आरजी-५८ तीस मीटर लांब करून २ मीटर बँडवर, १४५ मेगाहर्ट्झवर वापरलीस, तर साधारण सहा डेसिबल जातात. हँडीतून पाच वॅट निघाले आणि वर अँटेनापर्यंत सव्वा वॅट पोचला. ऐकताना तेवढंच नुकसान पुन्हा. अशा स्टेशनवर मोठा सेट आणून काय होणार? गच्चीवरच्या व्हीएचएफ अँटेनाला आरजी-२१३ ही जाड केबल घे. ती परवडत नसेल तर केबल टीव्हीवाल्याकडची चांगल्या प्रतीची आरजी-६ घे. ती ७५ ओहमची आहे, म्हणून एसडब्ल्यूआर, म्हणजे सेट आणि अँटेनाचा मेळ किती बसलाय ते सांगणारा आकडा, दीडपर्यंत दिसेल, पण १४५ वर तिचं नुकसान आरजी-२१३ च्या जवळपासच असतं. फक्त तिचं जाळं बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं, त्याला कथिल धरत नाही. एफ कनेक्टर क्रिंप करूनच लाव. त्यावर कथिल चिकटवण्याचा हट्ट करू नकोस. दिसायला जोड होतो आणि पहिल्या पावसात सुटतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला किती कोसळतो ते तुला सांगायला नको. केबलच्या तोंडातून एकदा पाणी शिरलं की ते जाळ्यातून केशनळीसारखं आत मीटरभर चढतं, आणि ती केबल परत सुधारत नाही. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी, तिच्यावर साधी पीव्हीसी पट्टी, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळेल आणि भिंतीत जाणार नाही. हे काम रोहिणी निघायच्या आत कर. एप्रिल-मेच्या वळवात मात्र ढग गडगडायच्या आधीच केबल सेटवरून काढून बाहेर टाकायची. वीज अडवणारा कोणताही अरेस्टर लावलास तरी हा नियम मोडायचा नाही.

व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना लावावी का असंही तुझ्या मनात येईल, कारण जागा कमी लागते. जमिनीकडे बघ. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात ओल टिकते, तिथे व्हर्टिकल बरी चालते. तुझ्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असतो आणि लहरीला परतीचा रस्ताच देत नाही. तिथे व्हर्टिकल लावायची तर खाली पंधरा-वीस तारा पसरायला लागतील. एवढी तार आहे तर डायपोलच बांध की.

आता त्या शंभर वॅटच्या सेटकडे येऊ.

तुझ्या परवान्याला एचएफवर ५० वॅटची मर्यादा आहे. जनरल ग्रेडला ४०० वॅट, पण त्यासाठी मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स यायला हवा. म्हणून शंभर वॅटचा सेट फुकट जातो का? अजिबात नाही. शंभरावरून पन्नासवर आलास तर समोरच्याच्या मीटरवर तीन डेसिबल, म्हणजे अर्धा अंक (एस-युनिट) कमी दिसतो. बोलताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट पन्नासवर चालवलेला शंभराचा सेट थंड राहतो, आवाज स्वच्छ येतो, फायनल, म्हणजे शेवटी पॉवर देणारे ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून मर्यादेत राहूनही हा सौदा फायद्याचा आहे, जर सेट धड असेल तर.

‘ओपन’ म्हणजे काय केलेलं असतं तेही समजून घे. सेटच्या बोर्डावर एखादा डायोड किंवा बारीक रेझिस्टर असतो, तो प्रोसेसरला सांगतो की हॅम बँडच्या बाहेर प्रक्षेपण करू द्यायचं नाही. तो काढला की सेट कुठेही प्रक्षेपण करतो. ऐकण्याशी याचा काही संबंध नाही. बहुतेक सेट पहिल्यापासूनच सगळा पट्टा ऐकू शकतात. म्हणजे ओपन केल्याने तुला मिळतो फक्त एक धोका: चुकून बटण फिरलं आणि तू विमानांच्या किंवा जहाजांच्या वाहिनीवर गेलास. बँडबाहेर बोलणं हा परवान्याचा भंग आहे. त्यात बेळगाव म्हणजे लष्कराची मोठी छावणी आणि सांबऱ्याचं विमानतळ. शिवाय सेटच्या आतले लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी अडवणारे भाग, हॅम बँड डोळ्यासमोर ठेवून बसवलेले असतात. दोन बँडच्या मधल्या जागेत कुठला फिल्टर लागेल आणि दुपटीच्या, तिपटीच्या फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या लहरी किती बाहेर पडतील याची कुणी हमी देत नाही. विकणाऱ्याला विचार, काढलेला भाग कुठला आणि कुठे आहे. सांगता आलं तर तो परत बसवून घे. सांगता आलं नाही तर समज, त्या सेटच्या आत आणखीही कुणाकुणाचे हात गेलेत.

ते हात ओळखायच्या खुणा आहेत. स्क्रूची डोकी झिजलीत का बघ. आत कथिलाचे गोळे चकाकतात आणि आजूबाजूला तपकिरी राळ पसरलेली आहे का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं: शंभर वॅटचा सेट डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर, एकशे तीस वॅट दाखवत असेल तर विकणारा तोंडभर कौतुक करेल, तू मात्र तिथून उठ. पॉवर मर्यादेत ठेवणाऱ्या एएलसीचा आतला प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून कुणीतरी पॉवर ‘वाढवलेली’ असते. त्यातून वाढते ती आवाजाची चिरफाड, शेजारच्या दहा किलोहर्ट्झवर पसरणारी. ४० मीटरवर सकाळच्या वेळी अशी स्टेशनं ऐकू येतात आणि सगळ्यांची सकाळ बिघडवतात.

जपानच्या घरगुती बाजारातला सेट असेल तर आणखी दोन गोष्टी. वीजपुरवठा आतच बसवलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की गेला. आणि त्याच मॉडेलचे तिकडे दहा आणि पन्नास वॅटचे प्रकारही विकले जायचे. बाहेरून नाव तेच, आत फायनल वेगळे. मागच्या बाजूची पट्टी नीट वाच.

वय झालेल्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या ऑसिलेटरच्या भागांवर हलू नये म्हणून ओतलेला गोंद काही मॉडेलमध्ये वर्षांनी विद्युतवाहक बनतो. मग सेट मध्येच फ्रिक्वेन्सी सोडतो, गरम झाल्यावर जास्त. म्हणून सेट दहा मिनिटं बघून घ्यायचा नसतो. तासभर चालू ठेवायचा, शेवटी प्रत्येक बँडवर डमी लोडमध्ये बोलून बघायचं. मेमरीची छोटी बॅटरी संपलेली असेल तर बहुतेक सेटमध्ये फक्त साठवलेल्या वाहिन्या जातात. पण १९८० च्या दशकातल्या मोजक्या मॉडेलमध्ये सेटचा चालवण्याचा कार्यक्रमच त्या बॅटरीवर जिवंत असतो. मॉडेल कळल्यावर हे आधी विचारून घे, मगच बॅटरी बदलायला हात लाव.

आणि व्यवहार कागदावर. विकणाऱ्याचा कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), सेटचा सिरियल नंबर, तारीख, सही. प्रक्षेपक विनापरवाना जवळ ठेवणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून कागद नसलेला सेट कितीही स्वस्त असला तरी मला महाग वाटतो.

समजा हा सेट नापास झाला, तर काय? मग माझा सल्ला आहे की हाताने उभा केलेला सेट घे. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू-२-ईएसई, यांनी बिटएक्स नावाची सोपी एसएसबी (एचएफवर बोलायची नेहमीची पद्धत) सेटची रचना जगाला मोकळेपणाने दिली. तिचा बिटएक्स-४० हा तयार बोर्ड २०१६ मध्ये आला आणि नंतर सगळ्या एचएफ बँडवर चालणारा मायक्रो-बिटएक्स. १२ व्होल्टवर ४० मीटरच्या बोर्डातून सुमारे सात वॅट निघतात. डायपोल नीट असेल तर दिवसा पुणं-बेंगळुरू सात वॅटवर आरामात होतं, मी स्वतः वर्षभर त्याच्यावरच बोललोय. आणि बदल करायला शिकायचं तर याच्यासारखी शाळा नाही, कारण प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि आकृती सगळ्यांना खुली आहे.

याच बोर्डावर मी एक चूक केली होती, ती सांगतो. यातला फायनल म्हणजे आयआरएफ-५१० हा मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर. मूळचा स्विचिंगसाठी बनवलेला, हॅम लोकांनी तो रेडिओत आणला. माझा एकदा उडाला. बाजारात ५१० मिळेना. इन्व्हर्टर दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “हा झेड-४४ लावा की, याच्या दसपट करंट झेपतो.” मला पटलं, लावला. पॉवर निघाली अर्धा वॅट. कारण मी करंट बघितला आणि गेट, म्हणजे त्याला चालवणारं टोक, बघितलं नाही. ५१० च्या गेटची धारिता साधारण १८० पिकोफॅरड, त्याच जातीच्या ५३० ची साडेसहाशेच्या पुढे, झेड-४४ ची दीड हजाराच्या आसपास. त्याला सिग्नल पुरवणारा मागचा छोटा ड्रायव्हर ७ मेगाहर्ट्झला एवढी मोठी टाकी भरणार कशी आणि रिकामी करणार कशी? रेडिओत मोठा भाग म्हणजे चांगला भाग नव्हे. ५१० च्या जागी ५१०च, आणि तोही विश्वासाच्या दुकानातून, कारण नकली खूप येतात.

५१० बसवताना त्याची धातूची पाठ ड्रेनला, म्हणजे पॉवर निघते त्या टोकाला, जोडलेली असते हे विसरू नकोस. हीटसिंक आणि पाठ यांच्यामध्ये अभ्रकाची चकती हवीच, आणि ती फाटलेली नाही हे मीटरने तपासूनच वीज दे. बायसचा, म्हणजे गेटला कायम मिळणाऱ्या दाबाचा प्रीसेट आधी शून्याकडे फिरव, मग अगदी हळू वाढव, विश्रांतीचा, म्हणजे न बोलतानाचा करंट १०० मिलिअँपिअरने वाढला की थांब. पुढे पॉवर हवी असेल तर बोर्डावर फायनलचा पुरवठा वेगळा देता येतो. तिथे २४ व्होल्ट दिले की वीसच्या आसपास वॅट निघतात. बाकी बोर्ड १२ वरच ठेवायचा. हा बदल मी सुचवतो, कारण तो मोजता येतो, दोन तारा काढल्या की पूर्ववत होतो, आणि मोठ्या हीटसिंकशिवाय त्याला दुसरं काही लागत नाही. हीटसिंक तर तू कारखान्यातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून काढशील, पंख पाडून.

टॅक्सीचा सेट. हे सेट दणकट असतात, आवाज उत्तम, खड्ड्यांतून वर्षानुवर्षं चाललेले असतात. पण विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघ. पट्टा १३६ ते १७४ आहे की १४६ ते १७४? दुसरा असेल तर १४५ वर त्याचा ऑसिलेटर फ्रिक्वेन्सीवर स्थिरच (लॉक) होत नाही कधी कधी, मग आतला ट्रिमर फिरवावा लागतो, आणि त्याच्या पुढचे फिल्टर पुन्हा जुळवावे लागतात. वाहिन्या संगणकावरून भरायच्या असतील तर त्या मॉडेलची केबल आणि सॉफ्टवेअर मिळतंय का? ते नसेल तर तो सेट म्हणजे लोखंडाचा ठोकळा. आणि तो फक्त साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिन्यांचा आहे का? असेल तर आपल्या लोकांना तुझा आवाज बारीक येईल. जुन्या वाहिन्या पुसूनच घरी आण. पोलीस, वनखातं, रेल्वे यांच्या वाहिन्या याच पट्ट्यात आहेत, त्यांच्यावर चुकूनही बटण दाबलं जाता कामा नये.

चिनी हँडी घे, पण तिच्याकडून मोठी अपेक्षा ठेवू नकोस. कुठल्या हँडीतून दुपटी-तिपटीच्या लहरी किती निघतात यात एका नगापासून दुसऱ्या नगात फरक पडतो. १४५ ची तिप्पट ४३५, म्हणजे ती थेट आपल्याच ७० सेंटीमीटर बँडमध्ये पडते. गच्चीवरची अँटेना लावणार असलास तर मध्ये एक लो-पास फिल्टर ठेव. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपणाच्या मर्यादा टाकता येतात. त्या १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ एवढ्याच ठेव. ४३० ते ४४० हा परदेशातल्या पुस्तकांतला पट्टा आहे, आपल्याकडचा नाही. उंच अँटेना जोडल्यावर ती बहिरी झाल्यासारखी वागली तर हँडी बिघडली असं समजू नकोस, जवळच्या एफएम केंद्राने किंवा टॉवरने तिचा पहिला टप्पा गुदमरवलेला असतो.

तिच्यासाठी अँटेना मात्र स्वतः कर. मध्ये ४९ सेंटीमीटरचा पितळी रॉड उभा, खाली ५२-५२ सेंटीमीटरचे चार रॉड पंचेचाळीस अंशांत झुकवलेले, सगळं एका पॅनेल सॉकेटवर. रॉड ३ मिलिमीटरचा पुरे. सुट्टीच्या दिवशी ती घेऊन राजहंसगडावर किंवा वैजनाथाच्या डोंगरावर जा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर वर गेलास की रेडिओचं क्षितिज चाळीस किलोमीटरवर जातं. समोरचाही उंचावर असेल तर दोघांची क्षितिजं मिळवायची. तुझ्या घरून मात्र व्हीएचएफवर घाटापलीकडे काही होणार नाही, मध्ये सह्याद्री आहे.

वीजपुरवठ्याबद्दल फार जण विचारच करत नाहीत. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी असते, आणि सेटसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. शंभराचा सेट पूर्ण पॉवरला वीस अँपिअर ओढतो, पन्नासवर साधारण तेराचौदा. बॅटरी माजघरात आणि सेट चार मीटरवर असेल, आणि तू घरातली अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढलीस, तर जाऊन-येऊन आठ मीटर होते आणि वीस अँपिअरला एक व्होल्टच्या वर तारेतच जळतो. बॅटरी आधीच साडेबारावर असते. सेटला अकराच्या जवळपास मिळालं की तो बोलताना बंद पडतो, आणि लोक म्हणतात सेट खराब. सहा चौरस मिलिमीटरची वायर घे, अर्ध्या व्होल्टवर काम भागतं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ, दोन्ही तारांना. सेटजवळ लावलेला फ्यूज फक्त सेट वाचवतो, मधली वायर पेटली तर घर वाचवत नाही.

सीसीटीव्हीचा स्वस्त पॉवर सप्लाय वापरू नकोस, ४० मीटरभर त्याची गुणगुण बसते. गुणगुणीवरून आठवलं: वडगाव-खासबागेत राहणाऱ्या मित्रांची तक्रार असते की यंत्रमाग सुरू झाले की बँड गेला. तुझ्याकडे माग नाहीत, पण पंपांचे स्टार्टर, सोलरचे इन्व्हर्टर आणि एलईडी बल्ब आहेत. लाईट गेली की आनंद मान. त्याच क्षणी घरचा इन्व्हर्टर बंद करून बॅटरीवर सेट चालू करून ऐक. खरखर नाहीशी झाली असेल तर दोष घरात किंवा गल्लीत आहे, मग मेन स्विच बंद ठेवून, लाईट आल्यावर एकेक सर्किट चालू करत तो शोधता येतो. तशीच राहिली असेल तर ती दूरून येतेय, अँटेना फिरवून बघ. या तपासणीला एक रुपया लागत नाही, आणि सेटमध्ये महागडा फिल्टर बसवण्याआधी ती करायलाच हवी.

मोजायची साधनं कोणती? एक डमी लोड: एक किलोओहमचे दोन वॅटचे वीस कार्बन किंवा मेटल-ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडले की पन्नास ओहम, चाळीस वॅट. तारेच्या वेटोळ्याचे रेझिस्टर घेऊ नकोस, ते कॉइलसारखे वागतात. खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात बसव, तेल भरलंस तर थोडा वेळ पन्नास वॅटही सहज झेपतात. त्याला एक डायोड आणि कपॅसिटर लाव, मल्टिमीटरने शिखर व्होल्टेज वाच, वर्ग करून शंभराने भाग, वॅट मिळाले. दहा वॅटला साधारण ३१.६ व्होल्ट यायला हवेत. दहाच्या वर मात्र १एन-४१४८ ला उलटा दाब झेपत नाही, तिथे रेझिस्टरचा विभाजक घालून वाच. दुसरं, नॅनोव्हीएनए. तार कितीवर अनुनादते हे ते डोळ्यांसमोर काढून दाखवतं, आणि आयुष्यभर पुरतं. तिसरं, यूएसबीचं छोटं एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडायचा रिसीव्हर. ते बऱ्यापैकी अंतरावर ठेवून तुझी हँडी दुपटीला आणि तिपटीला किती पाझरते याचा अंदाज घेता येतो. जवळ ठेवलंस तर ते स्वतःच गुदमरून खोट्या लहरी दाखवतं. तीनही साधनं आली की पुढच्या कुठल्याही बदलाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा आकडा मिळतो. आकडा नसलेला बदल मी करत नाही.

हे सगळं एवढ्या तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, नद्यांकाठची गावं तुटली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद, व्हीयू-२-आरबीआय, हॅमच्या एका मोहिमेसाठी गेलेल्या होत्या आणि त्यांच्या सेटवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. अशा वेळी कामाला येतो तो बॅटरीवर चालणारा, झाडावर तार टाकून उभा राहणारा, मालकाला आतून-बाहेरून माहीत असलेला सेट. मलप्रभेच्या काठावर असं एक स्टेशन तयार असावं, असं मला फार वाटतं.

तेव्हा या आठवड्यात तार आणि केबल आण, इन्सुलेटर काढ. तो जपानी सेट विकणाऱ्याला पैसे देऊ नकोस अजून. रविवारी सेट आणि त्याला, दोघांनाही माझ्याकडे टिळकवाडीला घेऊन ये. तासभर तापवू, डमी लोडवर प्रत्येक बँड मोजू, कव्हर उघडून तो काढलेला डायोड कुठला ते बघू. येताना अभ्रकाच्या चार चकत्याही घेऊन ये, माझ्या बिटएक्सची फाटलीय.